चांगूबाबाची बांधलेली शीव

भाकरीचा तुकडा गवतात पडला आणि कुत्रं त्याच्यामागे सुटलं. मध्ये काही नव्हतं. भिंत नव्हती, दोरी नव्हती, चुन्याची फक्कीसुद्धा नव्हती. एप्रिलच्या उन्हानं करपलेलं मोकळं गवत तेवढं होतं. तरी त्या गवताच्या मधोमध कुत्रं कुणी लाथ घातल्यासारखं केकाटलं, जागच्या जागी उलटं फिरलं आणि शेपूट पोटाशी घेऊन मागे पळालं.

गर्दी एकदम ओरडली. बायकांनी हात जोडले. पोलादपूरहून आलेल्या एका दुकानदारानं डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली.

"बघितलात? काय हाय मधी? काय पन नाय!" चांगूबाबा दोन्ही हात पसरून फिरला. "ही बांधलेली शीव हाय, मायबाप! वारा जाईल, पाखरू जाईल, मानूस जाईल. कुत्रा जानार नाय, आनि कुत्र्याचं विष जानार नाय. नो एंट्री! एकदम परमनंट बंद!"

तेवढ्यात दुसरं एक कुत्रं आलं, सरळ ती शीव ओलांडून गेलं आणि भाकरी खाऊ लागलं.

"ते कसं गेलं?" मी विचारलं.

बाबानं माझ्याकडे दयेनं पाहिलं. "त्याच्या गळ्यात माजा पट्टा हाय का? नाय. बांधलाच नाय त्याला, तर अडंल कशाला? शिकलेला दिसतोस."

लोक हसले. केकाटलेल्या कुत्र्याच्या गळ्यात लाल फडक्यात गुंडाळलेला, कुंकवानं माखलेला जाड पट्टा होता. तो मी लक्षात ठेवला. पण मला त्या वेळी पट्ट्याशी देणंघेणं नव्हतं. माझी भाची त्या शिवेच्या आत बसलेली होती.

दोन हजार सहा सालची ही गोष्ट. मी तेव्हा पदार्थविज्ञान घेऊन नुकताच पदवीधर झालो होतो आणि महाडला घरी नोकरीची वाट पाहत होतो. माझी थोरली बहीण, सरोजताई, पोलादपूरजवळच्या कापडे गावात दिलेली. तिची मुलगी चैत्राली पहिलीत होती. पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठी करवंदं काढताना पिसाळलेल्या कुत्र्यानं तिच्या गालाचा लचका तोडला. ते कुत्रं लगेचच पऱ्यात मरून पडलेलं सापडलं. ताईनं मुलीला दवाखान्यात न नेता इथे आणल्याचं आम्हाला महाडला कळलं ते तिसऱ्या दिवशी, दूधवाल्याकडून. मी तसाच आधी सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टर शुभदाबाईंनी मला खुर्चीवर बसूही दिलं नाही.

"गालावर? म्हणजे मेंदूच्या जवळ. लस आहे माझ्याकडे, आणि जखमेत द्यायचं औषधही आहे. एकदा लक्षणं सुरू झाली की जगात कुणाकडे काही नाही. आज घेऊन या. उद्या नको."

आणि आता मी इथे उभा होतो.

ही शीव ज्या बंगल्याभोवती होती, तो कापड्याच्या वेशीवरचा बंगला मुंबईच्या एका व्यापाऱ्याचा. त्यानं तो हौसेनं बांधला, दोन मोठी अल्सेशियन कुत्री आणली, घाटावरचा चांगू राखणीला ठेवला आणि मग तो परदेशी निघून गेला. कुत्र्यांतलं एक मेलं. दुसरं, ब्रूनो, म्हातारं होऊन उरलं. गाव त्याला बुरनू म्हणे. चांगूनं दाढी वाढवली.

पण चांगूला बाबा केलं ते गावच्या चालीनं. इकडे चैत्रात गुरव गावाच्या हद्दीवरून फिरतो, ठिकठिकाणी भात आणि नारळ ठेवतो. त्याला शीव बांधणं म्हणतात. एकदा बांधली की रोगराई, भूतखेत आत येत नाही. ही शीव दिसत नाही, पण ती कुठून जाते ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्या वर्षी म्हातारा गुरव वारला, शीव बांधायची राहिली आणि नेमकं पिसाळलेलं कुत्रं गावात शिरलं. चांगू म्हणाला, "तुमची सुटली, माजी बांधलेली हाय." बंगल्याभोवती कुत्री हवेला अडताना लोकांनी पाहिली. न दिसणारी रेघ असते हे पटवायची त्याला गरजच पडली नाही. ते त्यांना जन्मापासून पटलेलं होतं.

पडवीत चैत्राली आजीच्या, रंगूबाईंच्या, मांडीला टेकून बसली होती. गाल सुजलेला, त्यावर चुना आणि अंगारा थापलेला. शेजारी ब्रूनो पसरला होता. ज्या पोरीला कुत्र्यानं फाडलं, ती त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली होती. पलीकडच्या खांबाशी चावा बसलेला एक म्हातारा काळा दोरा बांधून बसलेला, आणि त्याची बायको गीताबाई त्याला वारा घालत होती.

"मामा," चैत्राली म्हणाली, "मी अवसेपर्यंत हितनं हलले तर काकासारखी भुंकेन."

"कोण म्हणालं?"

"चांगूबाबा."

ताईला मी बाजूला घेतलं. डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. ती बारावीपर्यंत शिकलेली, मला गणित तिनं शिकवलेलं. तिचे डोळे झोप नसल्यानं लाल झाले होते.

"मुकुल, मला काही सुचत नाही रे. आत ठेवली तर तू म्हणतोस मरेल. बाहेर नेली तर ते म्हणतात मरेल. चैतूचे बाबा टँकर घेऊन गुजरातला, मोबाइल लागत नाही. मी कुणाचं ऐकू?"

"डॉक्टरांचं ऐक."

"डागदराचं आयकलं व्हतं," रंगूबाई मागून म्हणाल्या. "माजा हैबती. हिचा थोरला दीर. पोटात सुया टोचून घेतलान. तरी पान्याचा तांब्या बघून वराडत वराडत गेला. मी मांडीवर धरला व्हता त्याला. तू व्हतास काय तवा?"

"मावशी, त्यानं सुया पूर्ण..."

"गप रे! परत काढू नको ते."

त्यांच्या आवाजात राग कमी आणि भीती जास्त होती. एका गोष्टीची मला खात्री होती: या शिवेत काहीतरी यंत्र आहे, आणि यंत्राला वीज लागते. दुपारी भारनियमन असे. पडवीतला पंखा थांबला तसा मी अंगणाच्या मधोमध गेलो आणि मोठ्यानं म्हणालो, "बाबा, आत्ता अडवून दाखवा कुत्रं. वीज नसताना."

गर्दी माझ्याकडे वळली. चांगूनं थांबलेल्या पंख्याकडे पाहिलं. क्षणभर त्याचा चेहरा पडल्यासारखा वाटला. मग तो हळूच हसला. केकाटलेल्या गावठी कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा त्यानं सोडला आणि ब्रूनोला हाक मारून त्याच्या गळ्यात बांधला. "काशीबाय, तुज्या टपरीवर मटान असंल तर आन गो. ह्या सायबाच्या हातानं टाकू."

रस्त्याकडेला चहाची टपरी चालवणाऱ्या काशीबाईनं आपल्या डब्यातलं मटणाचं हाडूक आणून दिलं. मी स्वतः शिवेबाहेर उभा राहून ते समोर धरलं. ब्रूनोला वास आला. तो तुरुतुरु आला. त्या जागेच्या चार हात अलीकडे थांबला. त्याच्या तोंडातून लाळ गळत होती, पाय थरथरत होते. तो कुं कुं करत आडवातिडवा फिरला, खाली बसला, पुन्हा उठला. पुढे मात्र आला नाही.

लोकांनी बाबाचा जयजयकार केला.

"लाइट हाय का?" चांगू ओरडला.

"नाय!"

"मंग कोन अडवतंय?"

"देव!"

"ह्या पोरानं देवाची परीक्षा घेतली," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "त्याचा तरास पोरीला व्हनार. अवस धरून आता पुढची पुनव पन बसावं लागंल, माय."

ताई माझ्याजवळ आली. "जा तू, मुकुल. पाया पडते, जा."

मी शिवेबाहेर करंजाच्या सावलीत जाऊन बसलो. शिकलेलं सगळं फुकट गेल्यासारखं वाटत होतं. दवाखाना संध्याकाळपर्यंत होता, आणि पोरीच्या गालातलं ते विष, बाबाच्या शिवेला न जुमानता, नसेच्या वाटेनं वर चढत होतं. ते किती वर पोचलंय हे मोजायचं साधन माझ्याकडे नव्हतं. कुणाकडेच नव्हतं.

हताश माणूस तेच तेच आठवत बसतो. मीही सकाळचं कुत्रं आणि दुपारचं कुत्रं आठवत बसलो. सकाळचं धावत गेलं, रेघेवर पोचलं आणि केकाटलं. ब्रूनो केकाटला नाही. तो रेघेपर्यंत गेलाच नाही. सकाळच्या कुत्र्याला काहीतरी लागलं होतं. ब्रूनोला काहीच लागलं नव्हतं, त्याला फक्त आठवलं होतं! वर्षानुवर्षं ज्या जागी फटका बसला, त्या जागी वीज असो की नसो, तो पाय टाकणार नव्हता. चांगूला हे माहीत होतं. म्हणून तर त्यानं कुत्रं बदललं.

मी उठलो. बंगल्याच्या बिनकुंपणाच्या फाटकावर रंगानं लिहिलेली पाटी होती: चामडं, दारू, अंडी, रेडिओ आत आणू नये. चामडं समजलं, दारू समजली. देवाला रेडिओ का चालत नव्हता?

काशीबाईच्या टपरीवर जुना ट्रान्झिस्टर लटकत होता.

"घेऊन जा," ती म्हणाली. "पन बाबाच्या शिवेशी नेऊ नको. माजा नवरा मागं तिथनं क्रिकेटची म्याच ऐकत येत व्हता, तर नुसती टरटर. बाबा लय चिडला. पाटी तवाच लावलान."

टपरीतला दिवा लागला, वीज आली. मी रेडिओ सुरू केला, काटा स्टेशन नसलेल्या टोकाला नेला आणि करपलेल्या गवताकडे चालत निघालो. आधी नुसती खरखर. मग सकाळी कुत्रं जिथे केकाटलं होतं त्या जागी रेडिओ टर्र टर्र टर्र करू लागला. दोन पावलं मागे आलो, आवाज गेला. पुढे गेलो, आला. मी त्या आवाजाच्या मागोमाग बंगल्याला वळसा घालू लागलो. माणसं माझ्यामागून येऊ लागली. आवाज एका अदृश्य रेघेवरून बंगल्याभोवती फिरला, फाटकाखालून गेला आणि जिथून निघालो तिथेच परत आला.

मला वाटलं, आता जिंकलो. पण चांगू पायऱ्यांवरून धावत आला आणि त्यानं आकाशाकडे बोट केलं.

"ऐका! देव बोलतोय! शिवेतनं बोलतोय!"

आणि लोकांनी पुन्हा हात जोडले. मला रडू यायचं बाकी होतं. पुरावा माझ्या हातात टरटरत होता आणि तोच त्याच्या बाजूनं साक्ष देत होता.

"मामा," चैत्रालीनं पडवीतून हाक मारली. आवाज बारीक झाला होता. "बुरनूच्या मानेला दोन भोकं पडल्यात. शेजारशेजार. चिघळल्यात. त्याला पन कोन चावलं का?"

मी पडवीत पोचलो. पोरीनं ब्रूनोच्या मानेचे केस बोटांनी बाजूला केले होते. पट्ट्याच्या खाली, दोन बोटांच्या अंतरावर, दोन जुन्या ओल्या जखमा होत्या. मी पट्टा सोडवला.

"हात लावू नको!" चांगू अंगावर आला. "भस्म व्हशील!"

"हू दे भस्म," रंगूबाई म्हणाल्या. त्या उठून मध्ये उभ्या राहिल्या होत्या. का, ते मला तेव्हा कळलं नाही. "त्याचा त्यो बघून घेईल. सोड."

मी लाल फडकं फाडलं. आत काळी प्लास्टिकची डबी होती, आणि तिच्यातून दोन पितळी खिळे बाहेर आलेले. ब्रूनोच्या मानेला बरोबर जिथे भोकं होती तिथे. मी ते दोन्ही खिळे मुठीत घट्ट धरले आणि शिवेकडे चालत गेलो. जवळ जाताच डबी रातकिड्यासारखी चिरचिरली. पुढचं पाऊल टाकलं आणि कोपरापर्यंत सणक गेली. हात आपोआप झटकला, पट्टा गवतात पडला.

"बघितलात! नास्तिकाला शिक्षा!" चांगू टाळ्या पिटू लागला. "कॅच पकडला देवानं!"

लोक मागे सरले. पट्टा उचलायला कुणी पुढे येईना. मग रंगूबाई पायऱ्या उतरून आल्या. वाकून त्यांनी पट्टा उचलला, मी धरला तसाच मुठीत धरला. चांगू म्हणाला, "माय, तू नको," पण त्या चालत राहिल्या. डबी चिरचिरली. त्यांचा हात उडाला, बांगड्या खळाळल्या. पट्टा मात्र त्यांनी सोडला नाही.

मग त्यांनी मूठ उघडून ते दोन खिळे बघितले.

"चांगू," त्या म्हणाल्या, "त्यो नास्तिक, म्हनून त्याला मारलान. मी तर तुजी भगत. मला कशाला मारलान रे तुज्या देवानं?"

चांगू दोन पावलं मागे सरकला.

"आनि हा मार मला ठावा हाय. इहिरीवरच्या पंपाचा स्टाटर वल्या हातानं लावला की ह्योच मार बसतो. आसाच. ह्यो देव नाय. ही लाइट हाय."

हे वाक्य मी दहा भाषणं करून म्हटलं असतं तरी कुणी ऐकलं नसतं. स्टार्टरचा झटका तिथल्या प्रत्येकानं खाल्लेला होता. एकानं कोयता घेतला आणि रेडिओ टरटरत होता तिथे माती उकरली. वीतभरही खोल जावं लागलं नाही. वायर निघाली. ती ओढत ओढत माणसं बंगल्याच्या मागच्या खोलीत गेली. देवाच्या तसबिरीमागे भिंतीवर एक डबी होती, तिच्यावर हिरवा दिवा लुकलुकत होता.

मी सगळ्यांना सांगितलं, जितकं साधं सांगता येईल तितकं. मोठ्या शहरांत आणि परदेशात लोक पाळलेली कुत्री अंगणाबाहेर जाऊ नयेत म्हणून असं कुंपण घालतात. भिंतीवरची डबी वायरीतून अगदी हलका संदेश सोडते. तो माणसाला जाणवत नाही, पण रेडिओला खरखरीसारखा ऐकू येतो. गळ्यातली डबी तो संदेश पकडते, आधी चिरचिरते, कुत्रं तरीही पुढे गेलं की आपल्या आतल्या बॅटरीनं दोन खिळ्यांतून झटका देते. पट्टा नाही, तर झटका नाही. म्हणून बिनपट्ट्याचं कुत्रं भाकरी खाऊन गेलं. घरमालकानं हे आपल्या कुत्र्यांसाठी बसवलं होतं, बाहेरच्या गड्यांकडून. चांगूला एवढंच करायचं होतं: लाल फडकं गुंडाळायचं. माणसाला चावलेल्या कुत्र्याचं विष आणि ही वायर यांचा काडीचा संबंध नाही.

चांगू तोवर मागच्या दारानं शेतात उतरला होता. त्याच्यामागे जायला मला वेळ नव्हता. "ताई, चल. रिक्षा आहे काशीबाईच्या टपरीवर."

ताईनं चैत्रालीचा हात धरला. पोरगी शिवेपर्यंत आली आणि थांबली. उकरलेल्या मातीत वायर उघडी पडली होती, मधूनच तोडलेली. तिनं पाय उचलला आणि परत मागे घेतला.

"मी नाय. मी भुंकेन. मी काकासारखी मरेन."

"वायर तुटली, चैतू. बघ. काही नाही आता."

ती मागे मागे सरकत ब्रूनोजवळ गेली. ब्रूनोच्या गळ्यातही आता पट्टा नव्हता. तोही पुढे येत नव्हता. दोघं शेजारी शेजारी उभी होती, एकाच जागी बघत. मला जन्मात कधी इतकं असहाय वाटलं नव्हतं. वायर मी शोधून काढली होती, पण जी पोरीच्या आत पुरली गेली होती ती कोयत्यानं कशी निघणार?

रंगूबाई तिच्यापुढे उकिडव्या बसल्या.

"बाय माजी, ऐक गो. तुज्या काकाला सुयांनी नाय मारलं. सुया अर्ध्या ऱ्हायल्या व्हत्या. लावनीचे दिस व्हते, कामाला मानूस कमी पडला म्हनून मीच त्याला दवाखान्यातनं आनला. मीच. त्याचं पोट दुखायचं, मी म्हनलं बास झालं. ह्या समद्यांना मी सांगत आले की डागदरानं मारला." त्यांनी पदरानं नातीच्या गालावरचा चुना अलगद पुसला. "आता मी तुला अर्ध्यावर आननार नाय. चल."

त्यांनी चैत्रालीला उचलून कडेवर घेतलं. पोरीनं डोळे गच्च मिटले. रंगूबाईंनी ती शीव एका दमात ओलांडली आणि रिक्षात बसेपर्यंत मागे वळून पाहिलं नाही.

मी गीताबाईकडे गेलो. "काकांनाही घ्या. जागा करू."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्यानं मान हलवली. "बाबा गेला म्हून शीव जात नाय," तो म्हणाला. "अवसेपर्यंत बसतो मी." मी हात जोडले, ओढलंसुद्धा. तो खांबाला धरून राहिला. रिक्षा थांबवून ठेवता येत नव्हती.

महाडला डॉक्टर शुभदाबाईंनी आधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली जखम धुतली, इतका वेळ की ताईचा धीर सुटला. मग जखमेत औषध, मग दंडात लस. "हे पहिल्या तासात करायचं असतं," त्या म्हणाल्या. "उशीर झालाय. नक्की काही सांगत नाही. पण एकही इंजेक्शन चुकवू नका." एकही चुकलं नाही. शेवटचं तीन महिन्यांनी, ऐन लावणीत आलं. दर खेपेला रंगूबाई शेत टाकून नातीबरोबर महाडला येत. त्या दिवसांत चैत्राली पाण्याचा पेला तोंडाला लावी तेव्हा घरातलं प्रत्येक माणूस श्वास धरून तिच्या घशाकडे बघत असे. ती पाणी प्यायची. रोज प्यायची.

गीताबाईचा नवरा आषाढात गेला. शेवटी त्याला पाण्याचा आवाजही सहन होत नव्हता, आणि बाहेर कोकणातला पाऊस कोसळत होता. पागोळ्यांचा आवाज लपवायला गीताबाईनं दारंखिडक्यांना गोधड्या लावल्या होत्या.

चांगू सापडला नाही. कुठल्या तरी दुसऱ्या गावात तो दुसरं लाल फडकं गुंडाळत असेल. म्हणून ही हकिकत लिहिली. तुमच्या गावात कुणी चमत्कार दाखवला तर हसू नका आणि हातही जोडू नका, जवळ जा. पाटीवर कशाला मनाई आहे ते वाचा. कुणाला लागतं आणि कुणाला लागत नाही ते बघा. आणि कुत्रं चावलं तर कुणालाही काही विचारण्याआधी साबण आणि पाणी घ्या, मग दवाखान्याची वाट धरा, आणि इंजेक्शनं अर्ध्यावर सोडू नका.

ब्रूनोला ताईनं ठेवून घेतलं. पण त्याला बंगल्याबाहेर काढायला पुढचा हिवाळा लागला. चैत्राली शाळेतून येताना तिथे थांबायची, वायर उकरलेल्या चरात बसायची आणि हातावर भाकरी धरून म्हणायची, "ये रे बुरनू. काय पन नाय हितं. मी आले ना?"